उजव्या पायाची टीप

जेवायला बसल्यावर माणसाने निदान कान तरी घरच्यांच्या स्वाधीन करावेत. पण धाकट्या लेकीच्या कानांत इअरफोनची ती काळी बोंडं असायचीच. घास तोंडात, नजर समोरच्या भिंतीवर, आणि मान अशी हलतेय की जणू मागे उभं राहून कुणी टपल्या मारतंय. बाई ताटावरून बोलत राहायच्या, भाजी खारट झालीय का, थोरलीचा फोन आला होता, जिन्यातला दिवा गेलाय, आणि पलीकडून यायचं ते नुसतं 'हं', तेही चुकीच्या जागी. एकदा बाईंनी मुद्दाम सांगितलं, 'मी आज सकाळीच मेले.' 'हं,' म्हणाली धाकटी, आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. छत्तीस वर्षांची घोडी. नोकरी धरली ती सोडली, नवरा धरला तोही सोडला, आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर धरलं काय, तर हे.

हे म्हणजे काय, ते बाईंना पुष्कळदा समजावून सांगण्यात आलं होतं. कुणा ड्रमवाल्याने कधीकाळी वाजवलेले पाच-सहा सेकंद घ्यायचे, कॉम्प्युटरमध्ये घालून त्यांचे बारीक तुकडे करायचे, काही उलटे, काही सुलटे, आणि मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वेगाने ते पुन्हा मांडायचे. मध्ये मध्ये दाराचा, नळाचा, लिफ्टचा, कुणाच्या खोकल्याचा आवाज पेरायचा. याला ब्रेककोअर म्हणतात. 'मिनिटाला दोनशे?' बाई म्हणाल्या होत्या, 'खालच्या कारखान्यातली ओव्हरलॉक मशीन मिनिटाला पाच हजार टाके मारते. तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.' हे सगळं धाकटी एकटीच करायची. वाजवणारी ती, कापणारी ती, वरचं चित्र काढणारी ती, लोकांपुढे ठेवणारीही तीच. कुठल्या कंपनीशी बांधलेली नाही, म्हणून स्वतंत्र कलाकार. बाईंच्या मते जिला कुणी विचारत नाही ती आपोआपच स्वतंत्र असते. ऐकणारे होते म्हणे, वेगवेगळ्या देशांत, आणि सगळे मिळून दोन बसमध्ये आरामात मावले असते. पण बाईंचा खरा राग वेगाचा नव्हता, कापण्याचा होता. बेचाळीस वर्षं त्या कात्रीशेजारी उभ्या होत्या. कापड कापतात ते कुणाच्या तरी अंगात बसावं म्हणून. काखेत घट्ट होऊ नये, खांद्यावरून ओघळू नये, बसल्यावर गुंडी तुटू नये, एवढ्यासाठी धडधाकट कापडाला कात्री लावायची परवानगी असते माणसाला. धाकटी धडधाकट आवाज घेऊन त्याच्या चिंध्या करायची, त्यांची रास समोर टाकायची आणि म्हणायची, ऐक. कुणाच्या अंगात बसणार होतं ते? बाई दीड मिनिट ऐकायच्या, 'पुरे' म्हणायच्या आणि उठायच्या. दीड मिनिट हीसुद्धा मेहेरबानीच होती.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाई खाली कारखान्यात कटिंगच्या टेबलापाशी उभ्या होत्या. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना मशिनी, मध्ये टेबल, टोकाला रस्त्याकडची खिडकी. आणि खिडकीखाली बाईंची स्वतःची पायमशीन. बाकीच्या सगळ्या विजेवर चालायच्या. पायमशिनीवर बाईंखेरीज कुणी बसत नसे, बसायची कुणाची छातीही नव्हती. नवीन आलेलं कापड बोटांत धरून बाई त्याचा आडवा-उभा ताण बघत होत्या, आणि वरून, छतातून, धाकटीच्या खोलीतून, पायमशीन चालल्याचा आवाज आला. कुठल्याही पायमशिनीचा नव्हे, ह्याच. तिच्या पायट्याचं उजवं टोक खाली जाताना एक बारीकसा करकर आवाज करतं, बेचाळीस वर्षांत तेलाने गेला नाही तो. मशीन पंधरा फुटांवर खिडकीखाली होती, तिच्यावर झाकण होतं, आणि बाईंचे दोन्ही पाय जमिनीवर होते. तरी मशीन चालत होती. आरशासमोर उभं राहावं आणि आपण हललो नसताना आरशातलीने मान वळवावी, तसं काहीतरी.

कटिंगमास्तरांनी खडू खाली ठेवला. मशिनींवरच्या बायकांनी माना वर केल्या. 'बाई,' मास्तर म्हणाले, 'पायमशीन वर कधी नेलीत?' बायका हसल्या. एक जण म्हणाली, 'ताईंनी आवाज भरून नेला असेल, त्या नेतात ना सारखं काहीतरी. मागच्या महिन्यात माझ्या शिंका नेल्या.' पुन्हा हसणं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी मान तिरपी केली, डोळे बारीक केले. 'अडखळतीय बघा,' ते म्हणाले. 'हे बघा, आत्ता. सरळ चालते, सरळ चालते, आणि मध्येच... हां, आत्ता पुन्हा. थांबते आणि मग घाईने भरून काढते. पट्टा घसरतोय बाई.' 'पट्टाच,' बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून इतका झटकन गेला की कुठल्या तरी कप्प्यात तो आधीपासून तयार ठेवलेला असावा. मास्तर सज्जन माणूस. कुणाचं काही बिघडलेलं त्यांना बघवत नाही. ते उठले, खिडकीपाशी गेले, झाकण काढलं, दोन बोटांनी पट्टा दाबून बघितला, चाक हाताने फिरवलं, पुन्हा बघितला. 'पट्टा तर टाइट आहे,' ते म्हणाले, बाईंना नव्हे, मशिनीला. मग झाकण ठेवून जागेवर येऊन बसले आणि खडू हातात घेतला. पण रेघ ओढायला त्यांना जरा वेळ लागला.

मशीन ऐकायची असते हे बाईंना त्यांच्या नवऱ्याने शिकवलं होतं. तो मशिनी दुरुस्त करायचा, दारोदार फिरून. लग्न झालं तेव्हा बाईंना सही करता येत होती आणि शंभरापर्यंत मोजता येत होतं. तिसरीतून काढून त्यांना धाकट्या भावंडांपाशी बसवलं होतं. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात त्यांना मशिनीसमोर बसवून सांगितलं, डोळे मीट. आता सांग, सुई बोथट आहे की नाही? बॉबिन भरलीय की संपत आलीय? कापड एकपदरी आहे की दुपदरी? सहा महिन्यांत बाईंना सगळं कळायला लागलं, वर्षाने नवऱ्याच्या आधी कळायला लागलं, आणि तो वारला त्याच्या कितीतरी आधीपासून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्या ओरडून सांगायच्या, 'तिसऱ्या मशिनीची सुई बदला, कापड फाडतेय ती!' त्यांना वाचता येत नसेल फारसं, पण आवाज वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लिहिता-वाचता येणाऱ्यांचं बाईंना फारसं कौतुक नव्हतं. त्यांना सगळं कागदावर दिसतं, म्हणून कानाने काही कळत नाही. आणि आता त्यांच्याच घरात, कानांत बोंडं घालून, पोटची पोर जगाला ऐकायला शिकवत होती. बाईंना हसू यायचं. आज आलं नाही. कारण आज छतातून येणारा तो आवाज त्यांनी पहिल्या दोन टाक्यांतच वाचला होता. मास्तरांना अडखळणं कळलं, पण अडखळणं कशाचं ते कळलं नव्हतं. पट्टा घसरला की आवाज आधी पोकळ होतो. सुई अडकली की जाड होतो. हा ना पोकळ होता ना जाड. हा पाय थांबल्याचा आवाज होता.

उजवा पाय. हिवाळ्यापासून. दुखत नव्हता, दुखला असता तर बाईंनी त्याला चार शिव्या घालून सरळ केला असता. तो नुसता मध्येच आपला राहायचा नाही. पायट्यावर टेकलेला असायचा, दिसायचा, चप्पलही असायची पायात, पण अर्धा क्षण तो कुणा दुसऱ्याचा पाय असायचा, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा. हात मात्र बेचाळीस वर्षांच्या सवयीने कापड पुढे ओढत राहायचा, तेव्हा एक टाका लांबलचक पडायचा. मग पाय परत यायचा, आपण कुठे गेलो होतो हे लपवल्यासारखा घाई करायचा, आणि तीन-चार टाके एकमेकांच्या अंगावर चढायचे. बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला तर नाहीच. डॉक्टर म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे थोरली येणार, आणि थोरली आली की 'आई, आता बास झालं हां' सुरू होणार. त्यांनी एक युक्ती काढली. सगळ्यांसमोर मशिनीवर बसायचंच नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत बायका मागच्या खोलीत डबे उघडून बसायच्या, कारखान्यात कुणी नसायचं, तेव्हा बाई आपलं काम उरकायच्या. बायकांना वाटायचं, या वयात काय ही उमेद. जिने चढणंही त्यांनी सोडलं होतं. धाकटीला वाटायचं, आईला माझ्या गाण्याचा तिटकारा आहे म्हणून ती वर येत नाही. बाईंनी ते तसंच वाटू दिलं. तिटकारा दाखवायला परवडतो, लंगडेपण परवडत नाही.

आणि मग ते तीस कोट. दवाखान्यातल्या लोकांचे पांढरे कोट, मोठी ऑर्डर, घाईची. खिसे लावायचं काम नाजूक. पांढऱ्यावर पांढरी टीप, एक टाका इकडे-तिकडे झाला तरी उन्हात दिसतो. ते काम कारखान्यात दोघींकडेच असायचं, एक स्वतः बाई आणि दुसरी एरवी कॉलरी लावणारी, म्हणून कॉलरवाली. कॉलरवाली एकोणीस वर्षं तिथे होती. बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी, टीप अशी की पट्टीने आखावी. कामाला लागण्याआधी कात्री टेबलावर दोनदा टकटक करायची तिची खोड होती. का, ते तिलाही माहीत नसावं. पंचवीस दिवसांपूर्वी तीस कोट परत आले. खिशांची टीप वाकडी. बाईंनी पहिला कोट हातात घेतला, खिडकीकडे धरला, आणि लांब टाका, मग अंगावर चढलेले चार, मग पुन्हा सरळ, हे त्यांनी बघितलं. बघायचीही गरज नव्हती, अंगठा फिरवताच कळलं. सगळे जण उभे होते. मास्तर उभे होते, बायका उभ्या होत्या. त्या क्षणी बाई काहीही बोलू शकल्या असत्या. धागा खराब होता म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, 'हे तुझ्या हातचं.' कॉलरवाली पुढे आली. कोट घेतला. तिनेही अंगठा फिरवला. 'बाई,' ती म्हणाली, 'माझी टीप अशी नसते.' 'नसते तर मग भुतं येऊन शिवून गेली का?' बाईंनी विचारलं, आणि बायका हसल्या, कारण बाई असं बोलल्या की हसायचं असतं. कॉलरवाली हसली नाही, रडलीही नाही. तिने खिडकीखालच्या पायमशिनीकडे बघितलं. मग खाली बाईंच्या पायांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग तिने आपली कात्री खिळ्यावरून काढली, रुमालात गुंडाळली आणि गेली. तो खिळा अजून रिकामा होता. कुणी त्याला दुसरी कात्री अडकवली नव्हती. बाईंनी पहिल्या आठवड्यात स्वतःला पटवलं की तिच्याही हातचे दोन-चार असतील त्यांत. दुसऱ्या आठवड्यात पटवलं की तिचंही वय झालंय. तिसऱ्या आठवड्यात पटवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी तिचा राग धरला. बोलली का नाही? तिला कळलं होतं ना? मग सगळ्यांसमोर बोट दाखवून का नाही म्हणाली, हे तुमच्या पायाचं आहे म्हणून? असली मोठी गप्प बसणारी! दुसऱ्याला उपकाराखाली चिरडायची ही एक रीत असते, असं बाईंना वाटे. आणि तसं वाटलं की रात्री झोप यायची, फार नाही, थोडी.

वर आवाज थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मशिनीवरची एक जण दोरा तोडत म्हणाली, 'हेच असणार संध्याकाळी. पाचला कार्यक्रम आहे ना मास्तर? ताईंनी सगळ्यांना बोलावलंय, त्या जुन्या छापखान्यात.' 'हो तर,' मास्तर म्हणाले, 'आमच्या मशिनींचं गाणं केलंय म्हणाल्या. ऐकायला नको का?' आणि ते पुन्हा मान तिरपी करून वर बघायला लागले. बाईंनी हातातलं कापड टेबलावर टाकलं. पाच वाजता, भिंतीएवढ्या स्पीकरमधून, मास्तरांसमोर, सगळ्या बायकांसमोर. इथे छतातून गाळून आल्यावर मास्तरांना पट्ट्यापर्यंत पोचता आलं होतं; तिथे ते पायापर्यंत पोचणार. आणि पायापासून तीस कोटांपर्यंत किती लांब? चार टाके.

जिन्याच्या पहिल्या पायरीशी बाईंनी उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटला, झोपलेल्याला उठवावं तसा. कठड्याला धरून त्या चढल्या. प्रत्येक पायरीवर वरचा आवाज मोठा होत गेला आणि प्रत्येक पायरीवर त्यांची चीड त्याच्याबरोबर वाढत गेली, हे बरं झालं, कारण चिडल्याशिवाय त्यांना चढता आलं नसतं. काय ती खोली. पडदे ओढलेले, भर दिवसा. जमिनीवर वायरी पसरलेल्या, आतडी बाहेर पडल्यासारख्या. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. कॉफीचे चार पेले, चारांत चार वेगवेगळ्या वयांची साय. पलंगावर न घडी केलेले कपडे, ज्यांतला एकही बाईंनी शिवलेला नव्हता. सगळे काळे, सगळे दुकानातले, शिवण बघावी तर रडू यावं. धाकटी पाठमोरी बसली होती. आज कानांत बोंडं नव्हती, म्हणून सगळं घर ऐकत होतं.

'बंद कर ते.'

धाकटी दचकून वळली. 'आई? तू वर आलीस?'

'का, दारावर पाटी लावलीय का मला बंदी म्हणून? मशिनीचं ते कुठून आणलंस?'

'खालूनच. तूच म्हणालीस ना, ने, आवाज काय संपायचे नाहीत.'

'ते विजेच्या मशिनींचं म्हणाले होते.'

'मग तसं सांगायचं होतंस. खिडकीत रेकॉर्डर राहिला होता माझा एकदा, जेवायच्या सुट्टीत. विसरलेच मी. संध्याकाळी आणायला गेले तर त्यात हे.' तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बाईंना तिची सहा-सात वर्षांची असतानाची आठवण झाली. कारखान्यातल्या चिंध्यांमधून तिने एक निळा तुकडा शोधून आणला होता आणि तळहातावर धरून दाखवला होता. बाई तेव्हा काय म्हणाल्या होत्या? टाक तो, असंच काहीतरी.

'काढ ते,' बाई म्हणाल्या.

'का पण?'

'माझी मशीन आहे. मला नको लोकांसमोर.'

'काढते,' ती म्हणाली. 'तू म्हणशील तर काढते. पण एकदा पूर्ण ऐकून मग सांग. तू माझं एकही शेवटपर्यंत ऐकलेलं नाहीस, आई. एकही. परक्या गावातले लोक ऐकतात.'

'परक्या गावातल्यांना दुसरी कामं नसतील.'

'सात मिनिटं आहे.'

'सात!' बाई म्हणाल्या, आणि पलंगावरचे कपडे एका हाताने बाजूला लोटून बसल्या. बसणं भाग होतं, पाय पुन्हा जायच्या बेतात होता.

धाकटीने बटण दाबलं. आधी नेहमीचंच. पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी जिन्यावरून सोडून द्यावेत. बाईंनी जबडा आवळला आणि मोजायला सुरुवात केली, शंभरापर्यंत, मग पुन्हा शंभरापर्यंत. दुसऱ्या शंभराच्या मध्ये कुठेतरी त्या मोजायचं विसरल्या. कारण ते खिळे नव्हते. ती ओव्हरलॉक होती. तुकडे केलेली, पण ओव्हरलॉकच. तिच्या आवाजाच्या शेवटाला एक शिट्टी असते, ती शिट्टी तेवढी कापून कुठल्या कुठे लावली होती. ती काजाची मशीन. ती मास्तरांची मोठी कात्री, जाड कापडातून जाताना. ती खिडकी, वाऱ्याने. कुणाची तरी शिंक. सगळा कारखाना होता त्यात, फोडलेला, उधळलेला, पायाखाली आल्यासारखा, आणि तरी एकेक आवाज ओळखीचा, जसा गर्दीत कुणी धक्का देऊन जावं आणि धक्क्यावरून माणूस कळावा. आणि दर वेळी तो गोंधळ अंगावर कोसळायच्या आधी टक टक. दोनदा. कोरडं, लाकडावर. मग कोसळणं. पुन्हा टक टक. कॉलरवालीची कात्री. हिने तिची कात्री त्या सगळ्याच्या तोंडाशी आणून ठेवली होती. ती टकटक झाल्याशिवाय काहीच सुरू होत नव्हतं. एकोणीस वर्षं कारखान्यातही तसंच होतं, हे बाईंना आत्ता, अंड्यांचे ट्रे लावलेल्या खोलीत, काळ्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून कळलं.

मग सगळं एकदम थांबलं, आणि एकटी पायमशीन उरली. काही कापलेलं नाही, काही जोडलेलं नाही. पायटा, करकर, पायटा, करकर. बाईंना त्यात आपला श्वाससुद्धा ऐकू आला, नाकातून, जरा जड. सरळ, सरळ, सरळ, आणि मग पाय गेला. तो गेला तेव्हाची शांतता त्यांनी मशिनीवर बसलेल्या असताना कधी ऐकली नव्हती. तेव्हा त्या आतून भ्यायलेल्या असायच्या. बाहेरून ती शांतता अर्ध्या क्षणाची नव्हतीच. फार लांब होती. तिच्यात एक बाई खिडकीपाशी एकटी बसली होती, दारावर लक्ष ठेवून, कुणी येऊ नये म्हणून. मग घाईचे चार टाके. पुन्हा सरळ.

'याच्याशी मी महिनाभर झगडले,' धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. 'ठोक्यावर बसवायला बघितलं, बसत नाही. दर वेळी वेगळ्या जागी अडतं. कापून बघितलं तर मरून जातं. शेवटी हात लावणंच सोडून दिलं. चाळीस सेकंद जसेच्या तसे ठेवले. आई, मी आयुष्यात एवढं कापलं, पण हे एवढं चांगलं मला कधी करताच आलं नाही.'

तिच्यासमोरच्या पडद्यावर निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या होत्या, बारीक बारीक कापलेल्या, आणि मध्ये एक लांब अखंड पट्टी. तिच्यावर काहीतरी लिहिलं होतं. बाईंनी अक्षर अक्षर लावून ते वाचलं. जु-नी म-शी-न.

सांगायचं तर आत्ता सांगून टाकता आलं असतं: काढ. पोरगी काढणार होती. तिने कधी आईचं ऐकलं नाही, पण हे ऐकलं असतं, ते तिच्या बसण्यावरून दिसत होतं. हात आधीच त्या पट्टीकडे नेऊन ठेवला होता तिने. पाच वाजता बायका टाळ्या वाजवतील, मास्तर पट्ट्याचं विसरून जातील, खिळ्याला उद्या कुणीतरी नवीन कात्री अडकवेल. आणि त्या सगळ्यात ती टकटक मात्र राहील. दोनदा. दर वेळी. बाईंनी उजव्या पायाकडे बघितलं. चपलेत तो अगदी साळसूद दिसत होता.

'मशीन कोण चालवतंय, माहीत आहे?' त्यांनी विचारलं.

'तू. तिच्यावर दुसरं कोण बसतं?'

'आणि अशी का चालतेय?'

'जुनी झाली म्हणून. मास्तर म्हणाले असतील ना, पट्टा—'

'मास्तरांना काय कळतंय! मशिनीला काही झालेलं नाही. पाय आहे तो माझा. हिवाळ्यापासून मध्येच जातो.' बाई भिंतीवरच्या ट्रेंकडे बघत बोलत होत्या. 'त्या दुपारी मी खिसे लावत होते. पांढऱ्या कोटांचे. तीस कोट परत आले ना, ते.'

धाकटीचा हात पट्टीवरून खाली आला. 'पण तू तर कॉलरवालीला सगळ्यांसमोर—'

'हो. तिला.'

गाणं केव्हाच संपलं होतं, खोलीत आता काहीच वाजत नव्हतं. खालून ओव्हरलॉकचा आवाज आला, अखंड, न कापलेला, शेवटी शिट्टी. धाकटी काही बोलली असती, पायाबद्दल, डॉक्टरबद्दल, तर बाई तिथून उठून गेल्या असत्या. ती बोलली नाही. गप्प बसणं तिला येत होतं, हेही बाईंना आजच कळत होतं.

'फोन लाव तिला,' बाई म्हणाल्या.

'आत्ता?'

'नाही, मी मेल्यावर लाव. आत्ता! मला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत.' चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. दोघींनीही त्याच्याकडे बघितलं नाही. 'आणि बोलणार मी. तू मध्ये तोंड घालू नकोस. संध्याकाळी तिची खुर्ची पुढे ठेव, मास्तरांच्या शेजारी. मास्तरांनाही मीच सांगते खाली जाऊन, सगळ्यांसमोर. तेव्हा सगळे होते, आताही सगळे असू देत.'

धाकटीने आकडे दाबले आणि फोन दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला. पलीकडे घंटी वाजायला लागली. एकसारखी, सरळ, एकही टाका न चुकता. तिसऱ्या घंटीला धाकटीने घाबरत घाबरत विचारलं, 'आई... मग ते काढू की राहू देऊ?'

'भिकार आहे तुझं गाणं,' बाई म्हणाल्या. 'चिंध्यांचं गाठोडं नुसतं. कापता येतं तुला, शिवता येत नाही, आणि या वयात आता येणारही नाही. पण ती वाकडी टीप तू उसवली नाहीस, तशीच लोकांसमोर ठेवलीस. माझ्याच्याने ते झालं नाही. मी दुसरीच्या माथी मारली. राहू दे ती. आणि तिच्यावरचं ते नाव आधी पूस. जुनी मशीन म्हणे! मशीन ठणठणीत आहे.'